काही न उघडता डेटा संपवणारा घरचा संगणक : प्रकल्प नोंदी, जुलै २०२५

यंत्र आणि जोडणी

जागा : बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका, जांबोटी भागातलं एक घर. डेस्कटॉप, तिसऱ्या पिढीचा इंटेल आय-थ्री प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, २ आणि १ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून ३ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १० होम, आवृत्ती २२एच२. इथवर फायबर आलेलं नाही. सिमकार्ड घालून चालणारा, बॅटरी असलेला ४जी राऊटर आहे आणि रोजचा डेटा २ जीबी. कामं तीन : जमिनीचे उतारे काढणं, पंचायतीचे अर्ज टाइप करणं आणि दहावीतल्या मुलीचा अभ्यास.

तक्रार घरच्या काकूंच्या शब्दांत : "सकाळी सहाला चालू केलं की दुपारी साडेबाराला नेट संपतंय बघा, काही लावलेलं नसताना."

आज्ञा, पत्ते आणि मेनूंची नावं खाली देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाकायची.

४ जुलै, शुक्रवार : आधी मोजमाप

काहीही काढून टाकण्याआधी डेटा नक्की कोण खातंय ते ठरवायचं. राऊटरच्या पानावर (१९२.१६८.१.१, काही राऊटरना १९२.१६८.०.१) आलेला आणि गेलेला डेटा वेगवेगळा दिसतो. ती दोन्ही मापं शून्यावर आणली. घरातले सगळे फोन वायफायवरून काढले.

संगणक बंद ठेवून एक तास : १ एमबीच्याही आत. म्हणजे शेजारचं कुणी वायफाय वापरत नाही आणि राऊटरही स्वतःहून काही करत नाही. वायफायचा पासवर्ड बदलून दिवस घालवण्याआधी एवढी तपासणी करावी, बराच वेळ वाचतो.

संगणक चालू, लॉगिन केलेलं, पण काहीही न उघडता एक तास : आलेला १६० एमबी, गेलेला १५० एमबी. सिमवर येणं आणि जाणं दोन्ही मोजलं जातं, म्हणजे तासाला ३१० एमबी. साडेसहा तासांत २ जीबी संपतात. काकूंनी सांगितलेली वेळ बरोबर जुळली.

इथे एकूण आकड्यापेक्षा त्या दोन आकड्यांचं नातं महत्त्वाचं आहे. विंडोज अपडेट असेल तर येणं भरपूर आणि जाणं नगण्य. फोटो ढगात चढवणारा प्रोग्राम असेल तर बरोबर उलटं. साधं ब्राउझिंग असेल तर येण्याच्या मानाने जाणं किरकोळ. जेवढं येतंय जवळपास तेवढंच परत जातंय, हे घरगुती वापरात सहसा दिसत नाही. तसं दिसलं तर हा संगणक कुणाचा तरी माल इकडून तिकडे पोचवतोय का, हा प्रश्न वहीत लिहून ठेवायचा. पुरावा मिळेपर्यंत तो प्रश्नच राहू द्यायचा.

५ जुलै, शनिवार : डोळ्यांसमोरचे संशयित

क्रोम : सेटिंग्ज, सिस्टिम, तिथला खिडकी बंद केल्यावरही मागे चालू राहण्याचा पर्याय बंद केला. एज : स्टार्टअप बूस्ट आणि तसाच मागे चालण्याचा पर्याय, दोन्ही बंद. वनड्राइव्ह : लॉगिनसोबत सुरू होणं बंद. मायक्रोसॉफ्ट स्टोअर : ॲप आपोआप अपडेट होणं बंद.

पुन्हा एक तास मोजलं. येणं १४८, जाणं १४४. रोज २ जीबीत भागवायचं असेल तर हे सगळे पर्याय बंदच ठेवावेत, पण मूळ दुखणं यात नव्हतं. क्रोमची ५२२८ पोर्टवरची जोडणी पुष्कळांना भिववते (पोर्ट म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक). ती गूगलच्या सूचना आणण्यासाठी असते आणि तिचा डेटा अगदी थोडा असतो.

सेटिंग्जमधलं डेटा युसेजचं पान मागच्या ३० दिवसांचा हिशेब ॲपप्रमाणे देतं. वर जोडणी निवडावी लागते, नाहीतर भलत्याच नेटवर्कचे आकडे समोर येतात. पण कोणत्या तासाला किती गेलं ते तिथे कळत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं होतं.

६ जुलै, रविवार : रिसोर्स मॉनिटर

टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, खाली ओपन रिसोर्स मॉनिटर, मग नेटवर्क. इथे दिसणाऱ्या हालचालीचे तीन ढीग केले.

पहिला ढीग घरातल्या घरातल्या गप्पांचा. २३९.२५५.२५५.२५० (पोर्ट १९००), २२४.०.०.२५१ (पोर्ट ५३५३) आणि २२४.०.०.२५२ (पोर्ट ५३५५) हे पत्ते सतत दिसतात. प्रिंटर, टीव्ही, दुसरा संगणक आसपास आहे का, अशी ती हाकाटी असते. ती राऊटरच्या पलीकडे जात नाही आणि सिमच्या डेट्यातून कापली जात नाही. काहीच चालू नसताना राऊटरचा दिवा लुकलुकतो तो पुष्कळदा याच्यामुळे. दिव्यावरून निदान करू नये.

दुसरा ढीग १२७.०.०.१ चा. संगणक स्वतःशीच बोलतो तो हा पत्ता. सोडून द्यायचा.

तिसरा ढीग बाहेर जाणारा, आणि त्यात सगळ्यात मोठी ओळ एसव्हीसीहोस्टची. हे विंडोजचं स्वतःचं कवच आहे, त्याच्या आत सेवा, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्राम, चालतात. कुठल्या सेवा ते बघायला कमांड प्रॉम्प्टवर टास्कलिस्ट, मग जागा सोडून /एसव्हीसी. एकाच पीआयडीसमोर (चालू प्रोग्रामचा क्रमांक) दहाबारा सेवांची रांग आली. त्यातली डेटा ओढणारी कुठली ते यावरून ठरवता येईना.

याचं कारण रॅम. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून ३.५ जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर बहुतेक सेवांना स्वतंत्र एसव्हीसीहोस्ट मिळतो. त्याखाली असेल तर जुन्या पद्धतीने एकेका कवचात गठ्ठा बांधला जातो. या यंत्रात ३ जीबी. रजिस्ट्रीतली (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यातली) ही मर्यादा खाली आणूनही सेवा सुट्या करता येतात, पण ३ जीबीत आधीच यंत्र धापा टाकत होतं. रॅम वाढवणं दोन्ही कारणांनी शहाणपणाचं.

७ आणि ८ जुलै : रॅम, आणि वाया गेलेला वेळ

बेळगावच्या एका दुकानातून ४ जीबीची डीडीआर३ पट्टी आणली, वापरलेली, ६०० रुपये. लावली तर पडद्यावर काहीच नाही, नुसता पंखा फिरतो. सोन्याच्या कडा खोडरबराने पुसल्या, खाच बदलून पाहिली, जुनी पट्टी काढून ही एकटी लावली. तरीही नाही.

पट्टी बिघडलेली नव्हती. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या डीडीआर३ पट्ट्यांपैकी काही फक्त एएमडी बोर्डांवर चालतात. चिपची रचना वेगळी असल्याने इंटेलचे बोर्ड त्या ओळखत नाहीत. त्यावर बारीक अक्षरांत एएमडी लिहिलेलं असतं, नसलं तर दुकानदाराला स्पष्ट विचारायचं. डेस्कटॉपची पट्टी २४० पिनांची आणि लॅपटॉपची २०४ पिनांची, तीही खात्री करून घ्यायची. पट्टी बदलून मिळाली, पण ७५ रुपये वर आणि पावसात जाण्यायेण्याचा दिवस गेला. १ जीबीची काढून ४ जीबीची लावली, एकूण ६ जीबी.

यंत्र सुरू होताच सेवा सुट्या झाल्या. आता टास्क मॅनेजरमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन (अपडेट उतरवणारी सेवा), बिट्स (मागच्या मागे फाईल उतरवणारी सेवा), विंडोज अपडेट, प्रत्येकाची वेगळी ओळ.

त्याच संध्याकाळी नोंदवहीचीही सोय केली. पाऊस लागला की इकडे करंट जातो, आणि रिसोर्स मॉनिटर मागचं काही धरून ठेवत नाही. मग दोन ओळींची बॅच फाईल केली : पहिली तारीख आणि वेळ लिहिते, दुसरी नेटस्टॅट -ई चालवते, आणि दोन्ही उत्तरं दोन कोनी कंसांनी (>>) एकाच मजकूर फाईलच्या शेवटी जोडली जातात. टास्क शेड्यूलरमधून दर दहा मिनिटांनी. नेटस्टॅट -ई आलेले आणि गेलेले बाइट वेगवेगळे दाखवतं. करंट जाऊन आल्यावर आकडे शून्यापासून सुरू होतात, पण आधीच्या ओळी फाईलमध्ये शाबूत राहतात.

९ जुलै, बुधवार : मंगळवारचा घोळ

रात्रभर यंत्र चालू ठेवलं होतं. पहाटे फाईल पाहिली : रात्री साडेदहानंतर येणं एकदम उसळलं, तासाभरात कित्येक पटीने. जाणं मात्र आधीच्याच चालीने.

८ जुलै हा महिन्यातला दुसरा मंगळवार. मायक्रोसॉफ्टचे महिन्याचे अपडेट याच दिवशी सुटतात, आणि अमेरिकेतली सकाळ म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेदहा. पॉवरशेलमध्ये गेट-डिलिव्हरीऑप्टिमायझेशनस्टेटस ही आज्ञा दिली. कोणती फाईल, केवढी, किती थेट सर्व्हरकडून आली आणि किती दुसऱ्यांच्या संगणकांकडून, असा सगळा हिशेब मिळाला. डेट्याचा हा भाग निर्दोष, मालक सापडला.

तरी २ जीबीच्या सिमवर त्याला लगाम हवा :

सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन. दुसऱ्या संगणकांकडून उतरवून घेण्याचं बटण बंद. ते चालू असेल आणि त्याखाली इंटरनेटवरचे संगणक हा पर्याय निवडलेला असेल तर आपणही अपडेटचे तुकडे परक्यांना वाटत बसतो. त्यासाठी ७६८० पोर्ट वापरलं जातं.

वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये मीटर्ड कनेक्शन, म्हणजे इथला डेटा मोजका आहे ही खूण, चालू. इथे एक फसगत आहे. ही खूण त्या एका नेटवर्कपुरती असते. राऊटर बंद पडला म्हणून फोन यूएसबीने जोडला की विंडोजला तो वायर्ड इथरनेट वाटतो आणि अपडेट पुन्हा मोकाट सुटतात. इथरनेटच्या पानावर जाऊन त्यालाही वेगळी खूण करावी लागते.

अपडेट कायमचे बंद करणं हा उपाय नव्हे. महिन्यातून एकदा, दुसऱ्या मंगळवारनंतर, डेटा शिल्लक असलेल्या रात्री हाताने उतरवून घ्यायचे.

हे सगळं करून पुन्हा तास लावला : येणं १३९, जाणं १३४. मंगळवारचा पूर ओसरला, पण खालचा झरा तसाच.

११ जुलै, शुक्रवार : झऱ्याचं तोंड

ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर नेटस्टॅट -एबीएनओ. प्रत्येक जोडणीसोबत प्रोग्रामचं नाव आणि पीआयडी मिळतो. ॲडमिन नसेल तर बी हे अक्षर चालत नाही, परवानगी नाही असं उत्तर येतं.

एकाच प्रोग्रामच्या नावावर चाळीसच्या वर जोडण्या. नाव अपडेटरसारखं, कुणालाही शंका येणार नाही असं. पत्ते दर मिनिटाला बदलणारे, बहुतेक ४४३ पोर्टवर. त्यातली एक जोडणी मात्र हलत नाही, तोच पत्ता आणि तेच वेगळं पोर्ट.

नेटस्टॅट एका क्षणाचं चित्र देतं. चालती हालचाल बघायला सिसइंटर्नल्सचं टीसीपीव्ह्यू घेतलं. ते मायक्रोसॉफ्टचंच आहे, फुकट आणि हलकं. त्यात एकेका जोडणीवर आलेले आणि गेलेले बाइट दिसतात, आणि सगळं स्पष्ट झालं. बदलत्या पत्त्यांवरून डेटा येतोय आणि जवळपास तेवढाच त्या स्थिर जोडणीवरून बाहेर जातोय. ४ तारखेच्या प्रश्नाचं हेच उत्तर. हा संगणक प्रॉक्सी झाला होता. लांबचा कुणीतरी या घराच्या पत्त्यावरून संकेतस्थळं उघडत होता. परक्याने आपल्या दाराचा पत्ता घालून टपाल मागवावं आणि आपल्याच खर्चाने ते पुढे पाठवावं, तसा हा प्रकार.

यात डेटा जातो हा लहान तोटा. मोठा असा की त्या वाटेने कुणी फसवणूक केली तर माग या घरच्या सिमपर्यंत येतो. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ९११ एस५ नावाचं असंच जाळं मोडलं. १.९ कोटींहून अधिक आयपी पत्ते त्यात गोवलेले होते, आणि मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन यांसारख्या फुकट व्हीपीएनमधून (आपली जोडणी दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारे प्रोग्राम) ते लोकांच्या संगणकांत शिरलं होतं. इथला प्रोग्राम त्यातला नव्हता, पण चाल तीच.

गूगलवर वारंवार चित्रं निवडायला लावणं हे प्रॉक्सीचं लक्षण म्हणून सांगतात. सिमच्या डेट्यावर त्यावर विसंबू नये. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकच बाहेरचा पत्ता देतात, त्यामुळे निरोगी यंत्रालाही तो प्रश्न येतो.

१२ जुलै, शनिवार : अडवणं आणि मूळ शोधणं

पत्ता अडवून उपयोग नाही, स्थिर वाटणारा पत्तासुद्धा दुपारपर्यंत बदलला. प्रोग्राम अडवायचा. विंडोज फायरवॉल बाहेर जाणाऱ्याला मुळात अडवतच नाही, नियम आपण करावा लागतो : डब्ल्यूएफ डॉट एमएससी, आउटबाउंड रूल्स, न्यू रूल, प्रोग्राम, फाईलचा पूर्ण मार्ग, ब्लॉक. पुढचा एक तास : येणं ३ एमबी, जाणं १ एमबी.

मग ऑटोरन्स, आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या प्रोग्रामांची यादी देणारं साधन. ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्या की यादी वाचण्याजोगी होते. त्यातच व्हायरसटोटलची, म्हणजे अनेक अँटीव्हायरसांचं मत एकत्र देणाऱ्या संकेतस्थळाची, तपासणी आहे. ती फाईल न चढवता फाईलचा ठसा तेवढा पाठवते, म्हणून डेटा फारसा लागत नाही. त्या प्रोग्रामची एक सेवा सापडली, आणि दुसऱ्याच नावाचं टास्क शेड्यूलरमधलं एक कामही.

आला कुठून? ॲप्सची यादी तारखेप्रमाणे लावली. एप्रिलमध्ये एकाच दिवशी दोन गोष्टी बसल्या होत्या : नुडी ते युनिकोड बदलून देणारं एक साधन आणि एक फुकट व्हीपीएन. सरकारी कन्नड फाईल जुन्या नुडी फॉन्टमध्ये येते, युनिकोडमध्ये उघडली की अक्षरांचा काला होतो. पंचायतीचा अर्ज भरायचा म्हणून घाईत कुठल्याशा डाउनलोडच्या पानावरून ते साधन घेतलं गेलं, आणि नेक्स्ट नेक्स्ट करताना व्हीपीएनही सोबत आलं. कन्नड गणक परिषदेच्या मूळ नुडीचा याच्याशी काही संबंध नाही. सीमाभागात मराठी घरांतही हे काम रोज पडतं, म्हणून मुद्दाम लिहितो : असलं साधन अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावं, आणि बसवताना कस्टम हा पर्याय निवडून प्रत्येक खूण वाचावी.

१३ जुलै, रविवार : काढणं

ॲप्समधून व्हीपीएन अनइन्स्टॉल केलं. व्हीपीएन गेलं, प्रॉक्सीची सेवा मागे राहिली. टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम मारला तर मिनिटभरात परत हजर, कारण सेवेच्या रिकव्हरीत पुन्हा सुरू करा असं लिहिलेलं. सेवा थांबवून फोल्डर पुसलं, रीस्टार्ट केलं, तर फोल्डर पुन्हा जागेवर. ते शेड्यूलरमधलं काम दर सुरुवातीला फाईल नसेल तर नवी उतरवून घेत होतं, आणि उतरवणारा प्रोग्राम वेगळा असल्याने कालचा फायरवॉलचा नियम त्याला लागू नव्हता.

ज्या क्रमाने काम झालं तो हा. राऊटर बंद करून नेट पूर्ण तोडलं. शेड्यूलरमधलं काम आधी डिसेबल, त्याच्या ॲक्शन्समधून उतरवणाऱ्या फाईलचा मार्ग टिपून घेऊन मग डिलीट. सेवेचा स्टार्टअप प्रकार डिसेबल्ड, मग थांबवली, मग ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर एससी डिलीट आणि सेवेचं नाव. इथे सेवेचं खरं नाव लागतं. सर्व्हिसेसच्या यादीत दिसतं ते दाखवायचं नाव बहुतेकदा वेगळं असतं, सेवेवर डबल क्लिक केलं की वर खरं दिसतं. शेवटी दोन्ही फोल्डर. नंतर शटडाउन नव्हे, रीस्टार्ट. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा झोपवून ठेवला जातो, नव्याने सुरू होत नाही.

मागे उरलेला कचरा : डिव्हाइस मॅनेजरमधलं व्हीपीएनचं टॅप अडॅप्टर (आभासी नेटवर्क कार्ड), फायरवॉलच्या इनबाउंड यादीत त्याने स्वतःच घातलेले परवानगीचे नियम. दोन्ही काढले. प्रॉक्सी सेटिंग, आणि संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या दोन जागा, डीएनएस आणि होस्ट्स फाईल, पाहिल्या, त्यात ढवळाढवळ नव्हती.

विंडोज सिक्युरिटीमध्ये रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शनखालचं नको असलेली ॲप अडवण्याचं बटण बंद होतं, ते चालू केलं. डिफेंडरचा (विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचा) ऑफलाइन स्कॅन लावला. त्यात विंडोज सुरू होण्याआधी तपासणी होते, त्यामुळे दडून बसायला वाव कमी. नंतर पूर्ण स्कॅन, फिरत्या डिस्कवर तो संध्याकाळपर्यंत चालला. उतरवणाऱ्या प्रोग्रामची टेम्प फोल्डरमधली एक प्रत त्यात पकडली गेली.

ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून, म्हणजे फोनवरून, बदलले. आधी ईमेल, मग बँक, मग बाकीचे. बँकेच्या खात्यात काही संशयास्पद दिसलं असतं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा होता, तशी वेळ आली नाही. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर बॉट, म्हणजे लांबून चालवले जाणारे घुसखोर प्रोग्राम, काढण्याची साधनं फुकट मिळतात, डिफेंडरने हात टेकले तर तिकडे वळावं.

१९ जुलै, शनिवार : फेरतपासणी

मजकूर फाईलमधली आठवडाभराची नोंद वाचली. रिकाम्या तासाला येणं २ ते ५ एमबी, जाणं १ च्या आसपास. डिफेंडरच्या नव्या व्याख्या येतात त्या तासाला येणं वाढतं, जाणं वाढत नाही. ऑटोरन्समध्ये नवीन नोंद नाही, सेवा आणि शेड्यूलरमधलं काम परत उगवलेलं नाही. रात्री दहाला सिमवर निम्म्याहून जास्त डेटा शिल्लक.

खर्च : रॅम ६७५ रुपये, बाकी सगळी साधनं फुकट. सर्वांत जास्त वेळ गेला तो चुकीच्या पट्टीत आणि परत उगवणाऱ्या फोल्डरमध्ये.

राहिलेलं काम : विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार. हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. त्याआधी घरातल्या कन्नड-मराठी टायपिंगसह लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) पेन ड्राइव्हवरून चालवून बघायचं आहे, प्रिंटर चालला तर तेच बसवायचं. दहा मिनिटांची नोंदफाईल तोवर चालू ठेवली आहे, आणि ऑगस्टचा दुसरा मंगळवार १२ तारखेला येतो, त्या रात्री मीटर्डची खूण टिकते का ते पाहायचं.